उलट्या बटणांचा कोट

कापगते सर पुरुष माणसाकडे पाहायचे ते गळ्याखालून. चेहऱ्याकडे नजर जायची ती सगळ्यांत शेवटी, तीही गेलीच तर. एकदा शाळेत तपासणीला साहेब आले होते. ते गेल्यावर हेडमास्तरांनी जरा काळजीनेच विचारलं, "साहेब कसे वाटले?" सर म्हणाले, "कोट भावाचा हाय जी. खांद्यावरून उतरून राहिला होता." खरं-खोटं देव जाणे, पण त्या साहेबांना आम्ही पुढे कायम 'भावाचा कोट' असंच म्हणत राहिलो.

गोंदियाजवळच्या गोरेगावात आमच्या हायस्कूलमध्ये ते चित्रकला शिकवायचे आणि मी गणित. चित्रकलेचं आणि माझं कधी जमलं नाही. मला आंबा काढायला सांगितला तर वर्गाला तो बटाटा वाटतो. तरीही सरांशी माझं पटायचं, कारण त्यांना चित्रातलं सौंदर्य वगैरे बोलायची सवय नव्हती. ते पुरावे मागायचे.

याच नजरेने त्यांनी एक दिवस स्वतःच्या मेलेल्या मुलाचा फोटो पाहिला. तो भिंतीवरून उतरवा म्हणून बायकोशी भांडले, आणि त्या घरातलं बोलणंच बंद झालं. मला सांगायचं आहे ते हेच. पण सर कसे होते ते आधी कळलं नाही, तर एका फोटोपायी माणूस एवढा का पेटतो हेही कळायचं नाही.

शनिवारी सकाळची शाळा असायची. ती सुटली की स्टाफरूममध्ये पोहे यायचे, आणि वेळापत्रकाच्या फळ्यावर सर एक चित्र टाचायचे. हा आमचा 'शनिवारचा माणूस'. नागपूरला शिकत असताना रद्दीच्या ढिगात त्यांना एक जाडजूड विलायती पुस्तक सापडलं होतं. अठराव्या शतकातल्या पुरुषांची व्यक्तिचित्रं होती त्यात. शिवण उसवून त्याची पानं सुटी झाली होती. तीच पानं ते आलटून पालटून आणायचे. पुढे मोबाइल आला तसे परदेशातल्या संग्रहालयांतली चित्रं उतरवून गोंदियाहून रंगीत छापून आणू लागले. पांढऱ्या केसांचे टोप घातलेले, मनगटाशी लेस, मांडीपर्यंत आलेली भरतकामाची बंडी, गुडघ्याशी संपणारी विजार आणि खाली रेशमी मोजे, असे ते गोरेगोमटे लोक आमच्या पोह्यांकडे तुच्छतेने पाहत असायचे.

सर एकेकाला सोलून काढायचे.

"टोपाची पावडर खांद्यावर सांडली हाय, पाहा. म्हनजे चित्रकार इमानदार. सांडली नाई तं समजाचं, साहेबानं पुसाले लावली."

आमचे पीटीचे बोपचे सर एकदा एका सरदाराच्या पायांवर खूश झाले. काय पोटऱ्या आहेत म्हणाले. कापगते सरांनी पट्टीने दाखवलं, "हे पोटरी नोहे जी. मोज्यात कापूस भरला हाय. पाहा, घोट्यापाशी कशी एकदम बारीक झाली."

"कायले भरते जी मानूस पोटरीत कापूस?"

"काऊन, तुमी पाहूनच राहिले ना?"

बोपचे सर त्या दिवशी पोहे न संपवताच ग्राउंडवर गेले.

शेवटी निकाल लागायचा. निकाल दोनच. 'जमलं' किंवा 'उसना'. जमलं हे फार क्वचित. एका म्हाताऱ्या विद्वानाला मिळालेलं मला आठवतं. त्याने टोप काढून डोक्याला साधी टोपी घातली होती, आणि आपल्याकडच्या छापील सुती कापडाचा ढगळ झगा अंगात होता. कोपरापाशी झगा विटला होता. "हा घरी असाच बसते," सर म्हणाले. "याले कोनाले दाखवाचं नाई. जमलं." बाकी राजे, व्यापारी, नाविक, सगळे उसने. एकदा त्यांनी नागपूरच्या दरबारातल्या एका सरदाराचं जुनं चित्र आणलं. आम्हांला वाटलं, आपला माणूस आहे, सुटेल. त्याच्या जाम्याचे बंद एका बगलेत आणि गाठ दुसऱ्या बगलेत दाखवून सरांनी त्यालाही झोपवलं.

मला सगळ्यांत आवडला तो लाल कोटवाला दुकानदार. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा वसाहतीतला. पोट सुटलेलं, हातात तपकिरीची डबी, आणि अंगात असा लाल कोट की राजपुत्रानेच घालावा. सरांनी विचारलं, "मॅडम, बटनं कोन्या बाजूले हायेत?" मी पाहिलं. पुरुषाच्या कोटाची बटणं त्याच्या उजव्या अंगाला असतात. याची डाव्या अंगाला होती.

मग त्यांनी समजावलं. विलायतेतल्या एखाद्या उमरावाचं चित्र काढलं जायचं. त्यावरून पत्र्यावर कोरून छाप काढायचे. छाप कागदावर उतरला की डावं ते उजवं व्हायचं. तो कागद जहाजाने दूर जायचा. तिकडचा चित्रकार दुकानदाराला म्हणायचा, यातला कोणता कोट पाहिजे ते सांगा. दुकानदार बोट ठेवायचा. चित्रकार कोट कागदावरून उतरवायचा आणि वर दुकानदाराचं डोकं बसवायचा. बटणं मात्र उलटीच राहायची.

"हा कोट यानं कधी अंगावर चढवलाच नाई," सर म्हणाले. "मुंडकं याचं, धड दुसऱ्याचं. चेहरा मागून होते मॅडम, चित्रकार देते काढून. कपडा खोटं बोलला का पकडला जाते."

मला चित्र कळत नाही, पण सिद्धता कळते. ही सिद्धता मला इतकी आवडली की मी ती दहावीच्या वर्गात परावर्तन शिकवताना सांगितली.

स्वतः सर पांढरा हाफ शर्ट आणि राखाडी पँट घालायचे. बारा महिने तेच. लग्नालाही तेच. नवा शिवला तरी जुन्याच्या मापाचा. नवेगाव बांधकडच्या शेतकरी घरातून आलेला माणूस, वडिलांनी आयुष्यभर धोतर नेसलं. दुसऱ्याच्या कपड्याचा मोह त्यांना बहुतेक खरंच नसावा. एवढंच होतं तर बरं होतं. पण तीच पट्टी ते घरात घेऊन जायचे.

एकदा निकालपत्रकाच्या कामासाठी मी त्यांच्या घरी गेले होते. मुलगा रोशन तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होता. निरोप समारंभाला निघाला होता तो. काळा चकचकीत शर्ट, छातीवर सोनेरी नक्षी. मला पाहून लाजला आणि "नमस्कार मॅडम" म्हणाला. सरांची नजर गळ्यापासून सुरू झाली.

"कोनाची वरात हाय गा?"

एवढंच. आवाजही चढला नव्हता. रोशन हसला, आत गेला, आणि बाहेर आला तो जुना चौकड्यांचा शर्ट घालून. सरांच्या पत्नी निर्मलाकाकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी ओठ असे आवळले होते की मलाच चहा गोड लागेना. मी म्हटलं, "घालतात हो सर पोरं या वयात." सर म्हणाले, "घालू द्या ना जी. पन मंग मले पाहाले लावू नोको म्हना." त्यांना ते विनोदी वाटलं होतं. मला त्यांचा राग आला. त्या मुलाचा उतरलेला चेहरा मी पाहिला होता आणि त्यांनी पाहिला नव्हता.

रोशन बी.ए. झाला आणि पोलीस भरतीच्या मागे लागला. आमच्या जिल्ह्यात पहाटे रस्त्यावर गाड्या कमी आणि धावणारी पोरं जास्त असतात. कुणाच्या पायात बूट असतात, कुणी अनवाणी. कोहमाऱ्याच्या रस्त्यावर तोही धावायचा. एका पहाटे रेतीच्या टिप्परने त्याला मागून उडवलं. टिप्पर थांबला नाही. सोबतची मुलं पुढे निघून गेली होती. ती परत वळून आली तेव्हा काही उरलं नव्हतं.

मला त्या दिवसाचं जास्त लिहवत नाही. दवाखान्यातून देह आला तो पांढऱ्या कापडात बांधून. घरातले त्याचे सगळे कपडे रिवाजाप्रमाणे नातेवाइकांनी गाठोडं करून घाटावर नेले. दोरीवर वाळत असलेलेही नेले. काकू शुद्धीवर नव्हत्या आणि सर अंगणात खुर्चीवर बसून होते. गाठोडं त्यांच्या समोरून गेलं.

तेरवीला फोटो लागतो. खुर्चीवर मांडायचा, हार घालायचा, पुढे दिवा लावायचा. ज्याचा धड फोटो नसेल त्याचा चेहरा मिळेल तिथून कापून घेतात, आणि स्टुडिओवाला तो कोट-टायच्या तयार धडावर बसवून देतो. कोणत्याही गावात कोणत्याही घरात जा, भिंतीवर असा एक साहेब लटकलेला दिसेल. जन्मभर चिखलात रोवणी केलेले म्हातारेसुद्धा निळ्या कोटात. कुणी त्याला खोटं म्हणत नाही. गेलेल्या माणसाला जाताना नीट कपडे घातले, एवढंच त्यात असतं.

रोशनचा मोबाइल टिप्परखाली गेला होता. मावसभावाच्या मोबाइलमध्ये एक सेल्फी सापडला, त्यातून चेहरा घेतला. आपल्या भावासोबत काकू स्वतः स्टुडिओत गेल्या. रोशनच्या डाव्या गालावर तीळ होता. सेल्फीत डावं-उजवं बदलतं, त्यामुळे फोटोत तो उजव्या गालावर आला. "माझ्या लेकराचा तीळ इकडे नोहे, तिकडे हाय," काकू अडून बसल्या. स्टुडिओवाल्याने काय करावं? कोट चढवून तयार झालेला फोटो त्याने सबंध उलटा करून दिला. तीळ जागेवर आला. कोटाची बटणं दुसऱ्या अंगाला गेली.

मांडवात फोटो आणला तेव्हा बायका रडायला लागल्या. सर डोकं भादरून बसले होते. त्यांनी वर पाहिलं. नेहमीसारखंच, गळ्याखालून. मी समोरच होते, आणि त्यांच्या आधी मला बटणं दिसली होती.

"बटनं उलटी हायेत," ते म्हणाले.

कुणाला काही समजलं नाही. कुणीतरी पाणी पुढे केलं. सर उठले.

"कोनाचा कोट हाय हा? माझ्या पोरानं घातला का कधी कोट? मुंडकं कापून कोनाच्या धडावर ठेवलं वो तुमी? काढा तो फोटो!"

टिप्परखाली गेलेल्या मुलाच्या आईसमोर हे शब्द. बोपचे सरांनी त्यांना धरलं. काकूंनी उठून फोटो उचलला, छातीशी धरला आणि अगदी हळू म्हणाल्या, "माझ्या लेकराचं तोंड बरोबर हाय. तुमी तोंड पाह्यलंच नाई कधी."

त्यानंतर त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत.

फोटो पुढच्या खोलीत लागला, दारातून आत येताच दिसेल असा. सरांचं मागणं एकच होतं, तो उतरवा. काकू उतरवू देईनात. हेडमास्तर जाऊन आले, काकूंचे भाऊ चिचगडहून येऊन गेले. स्टुडिओवाला बिचारा घरी येऊन म्हणाला, "सर, फकत कोट उलटवून देतो, चेहरा तसाच ठेवतो, दहा मिनटाचं काम हाय." सर म्हणाले, "बटनाचं नोहे रे बापू. कोटच नोको." ते बरोबरच होतं. बटणं हा नुसता पुरावा होता. त्यांना मुलगा त्याच्या स्वतःच्या कपड्यांत पाहिजे होता.

मग त्यांनी ठरवलं की चित्र आपणच काढायचं. ते झालं की फोटो उतरेल, काकूसुद्धा नाही म्हणणार नाहीत. शाळेच्या चित्रकलेच्या खोलीत त्यांनी कॅनव्हास लावला. शाळा सुटल्यावर बसायचे. चेहरा बरा उतरला होता. तीळही योग्य जागी होता. गळ्यापर्यंत चित्र आलं आणि थांबलं. मी दारावरून जायची तेव्हा रोज तेवढंच दिसायचं. खाली कोरं.

एका दुपारी त्यांनी मला हाक मारली.

"मॅडम, तुमी त्याले पाह्यलं होतं ना. तो काय घाले जी?"

मला आधी प्रश्नच कळला नाही.

"आठवून नाई राहिलं," ते म्हणाले. "लय आठवलं. काहीच दिसून नाई राहिलं."

दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीच्या परक्या माणसाचा कोपरापाशी विटलेला झगा ज्याच्या लक्षात होता, तो हे विचारत होता. मी काळ्या शर्टाचं बोलले नाही. चौकड्यांचा शर्ट सांगितला. ते म्हणाले, "तो माझा होय. जुना. मीच देल्ला होता."

मग ते रोशनच्या मित्रांकडे गेले. सुट्टीच्या दिवशी मोटरसायकल काढायची, एकेका गावी जायचं आणि मोबाइल पाहायचे. फोटो भरपूर निघाले. नवेगावच्या तलावावर, देवरीच्या यात्रेत, पळायच्या मैदानावर. सर त्या मित्रांना विचारायचे, हे त्याचंच ना? आणि पोरं खाली मान घालून सांगायची. जर्किन माझं होय सर. गॉगल त्याचा. बूट भरतीच्या अकॅडमीतल्या एकाचे. आमच्याकडची पोरं फोटोपुरते कपडे बदलून घेतात, त्यात नवल काही नाही. पण रोशन एकाही फोटोत स्वतःच्या कपड्यात नव्हता.

सोमवारी स्टाफरूममध्ये सरांनी मला हे सांगितलं. "एकबी त्याचा नाई, मॅडम." नेहमीचा निकाल त्यांच्या तोंडून येईल म्हणून मी धास्तावून बसले होते. तो आला नाही. त्यांनी पट्टी उचलली, पुसली आणि कपाटात ठेवली.

शेवटी मीच काकूंकडे गेले. म्हटलं, आईला ठाऊक असणार. शर्टांचे रंग विचारून घेऊ, चित्र पुरं होऊ दे, निदान या दोन माणसांतलं काहीतरी सुटेल. काकू धान निवडत बसल्या होत्या. वर तो फोटो. मी विचारलं. त्यांनी सुपातून डोकं वर काढलं नाही.

"सांगतो ना. निरा, अस्मानी शर्ट होता, खिसा फाटला होता, मी शिवून देल्ला. पांढरा होता, कॉलर पिवरी पडली होती. त्याच्यापाशी होतंच काय? घेतलं का घरात बोलनं खाये, म्हनून घेतच नोता." मग त्या थांबल्या. दाराकडे पाहिलं. सर शाळेतून आले होते आणि उंबऱ्याबाहेर चपला काढत होते. काकूंनी त्यांना पाहिलं आणि मलाच सांगत असल्याचं दाखवून, पण आवाज चढवून सांगायला लागल्या.

"माझ्या भावाच्या पोराचं लगन होतं चिचगडले. सारी पोरं कोट शिवून राहिली होती. हा म्हने, माय, मलेबी शिवू ना. म्या म्हनलं, बापाले पूस. लय दिवस हिंमतच नाई झाली. एक दिवस पुसलं. त्यायनं वरबी नाई पाह्यलं. 'कोट घालून कोन्या चित्रात बसाचं हाय तुले?' म्हने. पोरगं हासलं. हासतच आत आलं. पन मंग लग्नाले नाई गेलं, पोट दुखते म्हनून घरीच राह्यलं."

सुपातले खडे त्यांनी बाजूला केले.

"स्टुडिओतला तो पोरगा पुसे, मावशी, कोट घालू का फेटा बांधू? म्या म्हनलं, कोट घाल बापा. घाल एकडाव माझ्या लेकराले कोट."

सर उंबऱ्याबाहेरच उभे होते. एक चप्पल पायात, एक हातात. आत आले नाहीत. हातातली चप्पल तिथेच टाकून वळले आणि त्याच एका चपलेने रस्त्याने चालायला लागले. मी हाका मारत मागे गेले, पण त्यांनी मागे पाहिलं नाही. काकूंनी खाली पडलेली दुसरी चप्पल उचलून भिंतीशी ठेवली आणि पुन्हा धान घेतलं.

दुसऱ्या दिवशी चित्रकलेच्या खोलीतला कॅनव्हास नव्हता. त्याचं काय केलं हे कुणी विचारलं नाही. फोटो उतरवा असं सर पुन्हा कधी म्हणाले नाहीत. शनिवारचा माणूसही बंद झाला. मोकळी पानं त्यांनी बोपचे सरांना देऊन टाकली, आणि बोपचे सर ती घेऊन काय करणार, म्हणून ती शाळेच्या कपाटात गेली. पुढे माझी बदली देवरी तालुक्यात झाली, सर निवृत्त झाले, आणि भेट राहून गेली.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर गोरेगावला काम निघालं तेव्हा मी त्यांच्याकडे गेले. दार उघडंच होतं. काकू मागे अंगणात भांडी घासत होत्या, आवाज येत होता. सर स्टुलावर चढून फोटोची काच ओल्या फडक्याने पुसत होते. फार वाळले होते. तोच पांढरा हाफ शर्ट होता, पण आता तो दुसऱ्या कुणाच्या मापाचा वाटत होता. मी हाक मारली तर घाईने उतरले नाहीत. पुसणं पुरं केलं, हार नीट केला, मग हात भिंतीला लावून सावकाश खाली आले आणि माझ्याशेजारी उभे राहून वर पाहायला लागले.

मागच्या भांड्यांचा आवाज थांबला होता.

"मॅडम," ते म्हणाले, "शोभते ना त्याले?"

मी म्हटलं, "शोभतो, सर. खूप शोभतो."

"मी नाई म्हनलो होतो जी त्याले," सर म्हणाले.